टीव्ही दुरुस्त करावा की नवा घ्यावा? आधी गेलंय काय ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: घणसोलीत राहतो. ४३ इंची एलईडी टीव्ही आहे, सात वर्षं झाली. गणपतीला दहा दिवस गावी जाऊन आलो आणि टीव्ही लावला, तर लाल दिवा लागतो, आवाज येतो, पण पडदा काळा. पहिल्या मेकॅनिकने सेट न उघडताच सांगितलं, 'पॅनल गेलाय, १६ हजार.' दुसरा म्हणाला, 'पट्ट्या गेल्यात, ३८०० मध्ये करून देतो.' मुलगा म्हणतो सात वर्षं वापरला, आता नवाच घेऊ. आईला दुपारच्या मालिकांना टीव्ही लागतो. काय करावं?

पॅनल म्हणजे चित्र काढणारी पुढची काच, आणि पट्ट्या म्हणजे तिच्यामागून उजेड देणारे एलईडीचे दिवे. दुसऱ्या मेकॅनिकचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता जास्त आहे. पण त्याच्या किंवा माझ्या शब्दावर जाऊ नका, हे घरी पाच मिनिटांत कळतं. रात्री खोलीतले दिवे घालवा. टीव्ही लावा, आवाज यायला लागला की रिमोटवरचं मेनूचं बटण दाबा. आता मोबाइलचा टॉर्च पडद्याला जवळजवळ टेकवून तिरपा धरा आणि हळूहळू सरकवा. समोरून सरळ उजेड मारलात तर नुसती चकाकी दिसेल, म्हणून तिरपाच धरायचा. उजेडाच्या गोलात मेनूची अक्षरं, चॅनेलचा लोगो, हलणाऱ्या आकृत्या असं काही फिकट दिसलं, तर पॅनल चित्र काढतोय, त्याच्या मागचा उजेड तेवढा गेलाय. रिमोटने मेनू वर-खाली केल्यावर ती फिकट पट्टीही सरकली, तर शंकाच उरली नाही.

आणखी एक खूण बघा. सेट चालू करताना पडदा सेकंद-दोन सेकंद उजळतो आणि मग काळा होतो का? तसं असेल तर उजेडाचा सप्लाय सुरू होतोय, पण पट्टीतला दोष ओळखून सुरक्षेसाठी स्वतःच बंद पडतोय. हेही पट्ट्यांकडेच बोट दाखवतं. टॉर्चने काहीच दिसलं नाही तर मात्र पुढे टीकॉन (पॅनलला सिग्नल देणारं कार्ड), मेन बोर्ड, पॅनल असा तपास करावा लागेल. तेव्हाही 'पॅनल गेला' हे सेट उघडल्याशिवाय कोणी म्हणू नये.

मुलाच्या 'सात वर्षं झाली' या मुद्द्यावर थोडं बोलायला हवं, कारण बहुतेक घरांत निर्णय वयावर होतो आणि तिथेच पैसे जातात. आपण एलईडी टीव्ही म्हणतो त्यात एलईडी चित्र काढतच नाहीत. चित्र काढतो एलसीडी पॅनल, म्हणजे पुढची काच. ती स्वतः उजळत नाही, म्हणून तिच्यामागे एलईडीच्या पट्ट्या बसवलेल्या असतात. पाठीमागे कार्डं असतात: वीज देणारा पॉवर सप्लाय, सगळा कारभार बघणारा मेन बोर्ड, आणि पॅनलला सिग्नल वाटून देणारा टीकॉन. स्वस्त सेटमध्ये हे दोन-तीन बोर्ड एकाच कार्डावर असतात, बाजारात त्याला कॉम्बो बोर्ड म्हणतात. यात काच हा एकच भाग असा आहे की त्याची किंमत नव्या टीव्हीच्या जवळ जाते. पट्ट्या, सप्लाय, टीकॉन, केबल, स्पीकर हे सगळं त्यामानाने किरकोळ. म्हणून काचेच्या मागचं काही गेलं असेल तर दुरुस्तीचा विचार करायचा, आणि काच गेली असेल तर नव्याचा. वय त्यानंतर बघायचं.

आता पट्ट्यांचं काम नीट समजून घ्या, म्हणजे मेकॅनिक घरी आला की त्याच्याशी बोलता येईल.

४३ इंची सेटमध्ये मॉडेलप्रमाणे साधारण ३ ते ५ पट्ट्या असतात, एकेकीवर ७ ते १२ दिवे. सगळे दिवे एकामागून एक, माळेसारखे जोडलेले. त्यातला एक तुटला की माळ तुटते. दिव्याच्या आत केसाहून बारीक तार असते. रोज तापून आणि निवून ती कधीतरी सुटते. तुम्ही गावी गेलात म्हणून पट्टी गेली असं नाही, ती सुटायच्या बेतातच होती, आल्यावर पहिल्या चालूबंदीला सुटली. लवकर जाण्याचं खरं कारण म्हणजे कारखान्यातून सेट भडक उजेडावर लावलेला येतो, दुकानात उठून दिसावा म्हणून. बहुतेकजण तो घरी आल्यावरही बदलत नाहीत.

दुरुस्तीत पट्ट्यांचा पूर्ण जोड बदलायचा. एकच गेलेला दिवा बदलून किंवा त्याच्या दोन टोकांना तार जोडून माळ पुरी करता येते, आणि पडदा उजळतोही. सप्लाय ठरलेलाच करंट देत असल्याने बाकीच्या दिव्यांवर जादा ताणही येत नाही. पण बाकीचे सगळे दिवेही त्याच वयाचे आहेत. दोन-चार महिन्यांत त्यातला दुसरा जातो आणि पॅनल उतरवण्याची जोखीम पुन्हा घ्यावी लागते. तार जोडून कोणी दोन हजार मागत असेल तर देऊ नका.

पट्टीवर एक कोड छापलेला असतो, नवा जोड त्याच कोडचा किंवा त्याला चालणारा हवा. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे दिव्याचं व्होल्टेज. काही पट्ट्यांचे दिवे ३ व्होल्टचे, काहींचे ६ व्होल्टचे, दिसायला सारखेच. २४ दिव्यांची माळ एकात ७२ व्होल्ट मागते, दुसऱ्यात १४४. अदलाबदल झाली की सप्लाय गोंधळतो आणि पडदा लागून विझतो. मग मेकॅनिक म्हणतो 'आता सप्लायही गेला'. गेलेला नसतो, पट्टी चुकीची असते.

काम करताना खरी भीती पॅनल उचलण्याची. काचेच्या एका कडेला, बहुधा खालच्या, पातळ तपकिरी फिल्मचे तुकडे चिकटवलेले असतात. त्यावरच चिप असते, मेकॅनिक त्याला कॉफ म्हणतात. ती फिल्म जरा मुडपली तरी चित्रात कायमची उभी रेघ येते. म्हणून ४३ इंचाला दोन माणसं हवीत, नाहीतर काचेला चिकटणारे सक्शन कप. काच ठेवायला पलंगावर स्वच्छ चादर पसरून सपाट जागा करून द्या. काचेखाली उजेड सारखा पसरवणारा डिफ्यूझर आणि दोन-तीन शीट असतात. त्या एकत्रच, त्याच क्रमाने उचलायच्या. बोटांचे ठसे किंवा धूळ राहिली तर पांढऱ्या पडद्यावर कायमचा डाग दिसतो. त्या वेळी पंखा बंद करा. ऐकायला किरकोळ वाटतं, पण ठाण्या-नवी मुंबईत बांधकामाची धूळ कुठून येते सांगता येत नाही.

पट्टी बसवल्यावर चांगला कारागीर आणखी एक गोष्ट करतो, तुम्ही ती आधीच मागून घ्या: 'करंट कमी करून द्या.' सप्लायवर पट्टीचा करंट ठरवणारे बारीक रेझिस्टर असतात, बहुधा दोन-तीन समांतर लावलेले. त्यातला नेमका एक काढून करंट वीस-तीस टक्के उतरवता येतो. डोळ्याला फरक फारसा जाणवत नाही, पण पट्टीचं आयुष्य वाढतं. घरी आपल्या हातात आहे ते म्हणजे पिक्चर मोड 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक'वरून 'स्टँडर्ड'वर आणणं आणि 'बॅकलाइट' ५० ते ६० ठेवणं. बऱ्याच सेटमध्ये 'ब्राइटनेस' वेगळं असतं. ते काळा रंग किती गडद दिसावा हे बदलतं, दिव्यांना त्याने काही फरक पडत नाही. बदलायचं आहे ते बॅकलाइट.

तुमच्या ३८०० चा हिशोब मांडू. सध्या साध्या ब्रँडचा ४३ इंची सेट वीस-बावीस हजारांपासून मिळतो, नावाजलेल्या कंपनीचा तीसच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे जुने भाव डोक्यात असतील तर आज दुकानात पुन्हा विचारा. २६ हजारांचा नवा सेट आठ वर्षं चालला असं धरलं तर वर्षाला ३२५० पडतात. ३८०० मध्ये हाच सेट आणखी तीन वर्षं चालला तर वर्षाला साधारण १२७०. दोनच वर्षं चालला तरी १९००. म्हणजे पट्ट्याच गेल्या असतील तर दुरुस्ती करा, फक्त भाव थोडा खाली आणा. ४३ इंचाच्या पट्ट्यांचा जोड आणि मजुरी मिळून अडीच ते साडेतीन हजारांत काम व्हावं. आणि १६ हजारांना पॅनल? नाही. काच खरोखर गेली असती तरी नाही.

ढोबळ मर्यादा अशी ठेवा: पाच वर्षांच्या आतल्या सेटला आजच्या त्याच आकाराच्या नव्या सेटच्या एक-तृतीयांशपर्यंत खर्च चालेल. पाच ते आठ वर्षांच्या सेटला एक-चतुर्थांशपर्यंत. त्याहून जुन्याला दहा-पंधरा टक्क्यांवर जाऊ नका. आणि एका वर्षात दुसरा वेगळा बिघाड निघाला, की तिथे थांबा.

बाकीचे बिघाडही लिहितो, कारण 'टीव्ही गेला' म्हणताना प्रत्येकाच्या मनात वेगळंच असतं.

सेट पूर्ण मेला, लाल दिवाही नाही. आधी प्लग दुसऱ्या सॉकेटमध्ये लावून बघा, एक्स्टेन्शन बोर्ड मधून काढून टाका. तरी मेलेला असेल तर दोष बहुधा पॉवर सप्लायमध्ये. फ्यूजची काच आतून काळी झाली असेल तर पुढे शॉर्ट आहे, नुसता फ्यूज घातला तर तोही उडेल. जाणता मेकॅनिक आधी ब्रिज (एसीचा डीसी करणारा भाग) आणि मॉस्फेट (वीज झटपट चालू-बंद करणारा भाग) मल्टिमीटरने तपासतो, आणि पहिल्यांदा वीज देताना शंभर वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावतो. बल्ब लागून मंदावला तर ठीक, भगभगत राहिला तर शॉर्ट अजून आहे. डोकं फुगलेले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे डबीसारखे भाग, हाही नेहमीचा रोग. बदलताना १०५ अंशांचे, त्याच मायक्रोफॅरडचे, व्होल्टेज तेवढंच किंवा चढं असलेले घालावेत. ८५ अंशांचे स्वस्त पडतात आणि वर्षभरात पुन्हा फुगतात. बोर्ड घरी स्वतः उघडू नका. मुख्य कपॅसिटरमध्ये ३२५ व्होल्टच्या आसपास, मोठ्या सेटमध्ये ३८० पर्यंत डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. सप्लायची दुरुस्ती सहसा स्वस्तात होते आणि टिकते.

आपल्याकडे सप्लाय जळण्याचं एक कारण पुस्तकात नसतं: पाल. सप्लाय स्टँडबायवरही थोडा उबदार असतो. उबेला मुंग्या-झुरळं जमतात, त्यांच्यामागे पाल मागच्या जाळीतून आत जाते. बोर्डावरच्या सोल्डरच्या उघड्या टाक्यांवर तिचं अंग टेकलं की ती तिथेच भाजून चिकटते आणि फ्यूज उडतो. पाल काढून, फ्यूज-मॉस्फेट बदलून सेट चालू केला आणि आठवड्याने पुन्हा ठिणगी उडाली, असं होतं. कारण तिच्याखालचा बोर्ड जळून त्याचा कोळसा झालेला असतो आणि कोळशातून वीज वाहते. तो काळा भाग खरवडून, गरज पडली तर कापून काढावा लागतो. मेकॅनिकला तेवढं बघायला सांगा.

दुसरं कारण विजेचं. सोसायटीच्या मीटर रूममध्ये न्यूट्रल सैल झाला की काही घरांना २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत मिळू शकतात. एकाच रात्री तीन-चार फ्लॅटमधले टीव्ही, राउटर, चार्जर गेले तर हेच समजा, आणि आधी वायरमनला मीटर रूममध्ये न्या. त्याआधी सेट दुरुस्त करून लावलात तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या झटक्यात सप्लायच्या तोंडाशी असलेला निळा किंवा पिवळा चकतीसारखा व्हॅरिस्टर फुटतो. तो फुटला हे चांगलं, त्याने मागचं वाचवलं. मेकॅनिक काही वेळा तो न लावताच सेट देतात, कारण त्याच्याविनाही सेट चालतो. लावूनच घ्या, वीस रुपयांची वस्तू आहे.

टीव्हीला स्टॅबिलायझर घ्यावा का, असंही विचारतात. बहुतेक सेटचा सप्लाय १०० ते २४० व्होल्टवर चालतो, मागच्या लेबलवर वाचा. कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझरची गरज नाही. चांगलं अर्थिंग आणि विजेचा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर घ्या. चार सॉकेटचा साधा बोर्ड म्हणजे सर्ज प्रोटेक्टर नव्हे. आणि जूनच्या तोंडाला किंवा परतीच्या पावसात वीज कडाडायला लागली की प्लगबरोबर डिशची किंवा केबलची तारही काढा. कितीतरी सेटचे एचडीएमआय पोर्ट त्या तारेतून सेट-टॉप बॉक्समार्गे आलेल्या झटक्याने जातात. एकच पोर्ट गेला असेल तर दुसऱ्यावर चालवा, बोर्ड बदलू नका.

लोगोवर अडकणं, सारखं स्वतः बंद-चालू होणं हा मेन बोर्डचा प्रकार. सॉफ्टवेअर बिघडलेलं असेल तर त्याच मॉडेलची फाइल पेन ड्राइव्हवरून टाकून काम होतं. त्याने झालं नाही तर सॉफ्टवेअर साठवणारी ईएमएमसी चिप दमलेली असते. ती बदलून पुन्हा प्रोग्राम करणारे कारागीर मिळतात, पण सगळेच हे करत नाहीत. बोर्ड बदलायचा तर टीव्हीचं मॉडेल, बोर्डाचा नंबर आणि पॅनलचा नंबर हे तिन्ही जुळायला हवेत. नाहीतर चित्र उलटं किंवा रंग विचित्र येतात. नेमका बोर्ड मिळालाच नाही तर युनिव्हर्सल बोर्ड घालतात. टीव्ही चालतो, पण स्मार्टपणा जातो किंवा भलताच येतो, रिमोटही बदलतो. आईसाठी साध्या चॅनेलपुरता ठेवायचा असेल तर हरकत नाही.

टीव्ही ठणठणीत आहे पण ॲप जुनी झाली, नवी चालत नाहीत, म्हणून सेट बदलणारे बरेच दिसतात. त्यात काही अर्थ नाही. अडीच ते पाच हजारांची स्टिक एचडीएमआयमध्ये लावा आणि टीव्हीचं स्वतःचं स्मार्ट विसरून जा.

पडद्यावर पांढरे गोल ठिपके दिसायला लागले, जणू मागून बॅटरी मारली आहे, तर घाबरू नका. पट्टीवरच्या दिव्याला चिकटवलेली प्लॅस्टिकची वाटीसारखी लेन्स उष्णतेने सुटून पडलेली असते. पुन्हा चिकटवता येते. फक्त पटकन चिकटणारा सुपर ग्लू वापरू देऊ नका, त्याच्या वाफेने लेन्स धुरकट होते, इपॉक्सी हवं. सगळं चित्र निळं-जांभळं व्हायला लागलं तर दिव्यांवरचा पिवळा थर जळलाय. तेही पट्ट्यांचंच काम.

आता रेघा. इथे सगळ्यात जास्त फसवणूक होते आणि सगळ्यात जास्त खोटी आशाही दाखवली जाते.

पहिली तपासणी: टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडा. रेघ मेनूवरूनही जात असेल तर दोष टीकॉन किंवा पॅनलचा. एकाच इनपुटवर दिसत असेल, मेनू स्वच्छ असेल तर सेट-टॉप बॉक्स किंवा केबल बघा. पडद्याच्या खालच्या कडेला हलकंच दाबल्यावर रेघ येते-जाते का? तसं असेल तर कॉफ फिल्मचा चिकटलेला जोड सुटतोय. अर्धा पडदा काळा किंवा धुरकट असेल तर टीकॉनपासून पॅनलकडे जाणाऱ्या दोन रुंद पट्टी-केबली असतात, त्या मेकॅनिकने वीज बंद करून काढायच्या, टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, पुन्हा बसवायच्या. कधीकधी एवढ्यानेच काम होतं. झालं नाही तर एकेक केबल काढून सेट लावायचा. एक काढल्यावर दुसरा अर्धा भाग स्वच्छ दिसला तर टीकॉन चांगला आहे आणि काढलेल्या बाजूचा पॅनल शॉर्ट आहे. ही तपासणी करून न दाखवता जो टीकॉन बदलायला सांगतो, तो अंदाजाने काम करतोय.

कॉफचा जोड बाँडिंग मशिनवर पुन्हा चिकटवता येतो. तो टिकेलच असं नाही, आणि त्याला महिना-तीन महिन्यांपेक्षा जास्त वॉरंटी सहसा कोणी देत नाही. दुसरी युक्ती म्हणजे पॅनलला दोन्ही बाजूंनी सिग्नल मिळत असेल तर खराब बाजूच्या केबलच्या ठरावीक पिनांवर टेप लावून ती बाजू तोडतात, पडदा दुसऱ्या बाजूवर चालतो. हजार-दीड हजारात कोणी हे करून देत असेल आणि तुम्हाला सहा महिने काढायचे असतील तर ठीक. 'पॅनल रिपेअर' म्हणून पाच-सात हजार देऊ नका. आणि काचेच्या आत तडा गेला असेल, शाईसारखा पसरलेला डाग दिसत असेल, तर कोणतीही युक्ती नाही.

दिवाळीच्या साफसफाईनंतर रेघा येतात, यात योगायोग नसतो. काच पुसायचा स्प्रे थेट पडद्यावर मारला की ओघळ खालच्या पट्टीत शिरतो, आणि कॉफ तिथेच असतात. आठवड्याभरात तांब्याचे बारीक मार्ग हिरवे पडतात. कोरडं मायक्रोफायबर कापड वापरा. डाग असलाच तर कापड पाण्याने जेमतेम ओलं करा, पडद्याला नाही. वाशी, कोपरखैरणे, ऐरोली, कळवा अशा खाडीलगतच्या भागांत हवाच दमट आणि खारट, तिथे हा गंज लवकर धरतो. पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टीव्ही असेल तर तो आतल्या भिंतीवर न्या, किंवा निदान ब्रॅकेट असा घ्या की मागे दोन-तीन इंच हवा खेळेल. गावाहून आल्यावर लगेच सेट लावू नका. घर उघडा, पंखा लावा, तीन-चार तासांनी चालू करा.

जुन्या प्रकारांबद्दल फार लिहायला नको. ट्यूबचा डबा टीव्ही दोन-चारशेत चालत असेल तर चालवा. फ्लायबॅक (ट्यूबला मोठं व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) किंवा पिक्चर ट्यूब गेली तर सोडा, सुटे भाग नीट मिळत नाहीत. नव्या सेट-टॉप बॉक्सला एचडीएमआयच असेल तर त्या टीव्हीसाठी वेगळा कन्व्हर्टर लागतो, तो खर्चही धरा. प्लाझ्माचं उत्पादनच मोठ्या कंपन्यांनी २०१४ च्या सुमारास थांबवलं, त्यावर पैसे घालू नका. पट्ट्यांऐवजी बारीक ट्यूबलाइट असलेले पहिले एलसीडी सेट याच रांगेतले.

'नवा घेतला की वीजबिल वाचेल' हे दुकानदाराचं वाक्य प्लाझ्माला लागू आहे, तुम्हाला नाही. ८० वॉटचा ४३ इंची सेट रोज पाच तास चालला तर महिन्याला १२ युनिट. नवा त्याच आकाराचा सेटही साधारण तेवढेच घेतो. आणि ४के मिळेल म्हणून घ्यायचा असेल तर दुपारची मालिका मुळात त्या दर्जाची येत नाही.

मेकॅनिकला फोन करताना मागच्या लेबलचा फोटो पाठवा आणि चार गोष्टी आधी विचारा: कोणता भाग बदलणार, तो नवा की जुन्यातला काढलेला, वॉरंटी किती महिने, आणि काम झालं नाही तर तपासणीचे किती. हे मेसेजवर लिहून घ्या. पट्ट्यांना निदान सहा महिने मागा. बोर्ड दुकानात नेणार असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा आणि बदललेला भाग परत मागा. जुन्या पट्ट्या हातात आल्या की काम झालं की तार जोडली हेही कळतं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सहसा अख्खा बोर्ड किंवा अख्खं पॅनल बदलतात, त्यामुळे त्यांचा आकडा मोठा येणारच. सेट वॉरंटीत असेल तर मात्र बाहेरच्याला स्क्रूसुद्धा काढू देऊ नका.

पट्ट्यांचं काम शक्यतो घरीच करून घ्या. न्यावाच लागला तर सेट उभा न्या, कधी आडवा झोपवून नाही, आणि ४३ इंच रिक्षात कोंबू नका. घोडबंदर रोडच्या एका खड्ड्यात ३८०० चं काम २६ हजारांचं होतं.

काम झाल्यावर पैसे देण्याआधी सेट तासभर चालू ठेवा. मोबाइलवरून पूर्ण पांढरा आणि पूर्ण काळा पडदा लावून बघा: पांढऱ्यावर कोपरे अंधारे आहेत का, धुळीचे ठिपके आहेत का, नवी उभी रेघ आली आहे का. तीन-चार वेळा बंद-चालू करा. सगळ्या पोर्टना केबल लावून बघा, स्पीकरची वायर जोडायची राहून जाते तेही ऐका.

उद्या-परवा खरंच काच फुटली आणि सेट काढायची वेळ आली, तर भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी दोन-तीन दुरुस्तीवाल्यांना मॉडेल सांगा. काच फुटलेल्या सेटचे चालू बोर्ड त्यांना हवे असतात आणि भंगारापेक्षा बरे पैसे मिळतात. तेही जमलं नाही तर नवा घेताना एक्स्चेंजमध्ये द्या, किंवा त्या कंपनीच्या ई-कचरा संकलनात. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि त्यांनुसार जुन्या सेटची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. ट्यूबवाला टीव्ही तर गल्लीत फोडू देऊच नका, त्याच्या काचेत शिसं असतं.